हप्ता आणि वंगण

खंडेनवमीला आमच्या हिंगोलीत झेंडूचा भाव सकाळी एक असतो आणि दुपारी दुसराच. गल्लीगल्लीत गाड्या धुतल्या जातात. मोटारसायकलच्या हँडलला हार, टाकीवर हळदीकुंकवाची बोटं, पुढच्या चाकाखाली लिंबू. दुसऱ्या दिवशी दसरा. दीडशे वर्षांहून जुनी परंपरा असलेल्या आमच्या या दसऱ्याला सगळा जिल्हा लोटतो, आणि अलीकडे लोटतो तो दुचाकीवरून. सेनगावकडून, कळमनुरीकडून, औंढ्याकडून, वसमतकडून नुसत्या रांगा लागलेल्या असतात. हा सोहळा बघताना मला एक वाईट खोड लागली आहे. लोक हाराकडे बघतात, मी चेनकडे बघतो. आणि हाराच्या खाली दोन हातांवर बहुतेक चेन कोरडीठाक, तांबूस गंज चढलेली, एका बाजूनं लोंबलेली दिसते. पूजा झाली, पण वंगण झालं नाही. माझ्या सौभाग्यवती म्हणतात, सणाच्या दिवशी तरी हे बघणं सोडा. पण तीस-पस्तीस वर्षं बँकेत तारण तपासण्यात गेलेल्या माणसाची नजर सणवार पाळत नाही.

मराठीत दोन क्रियापदं आहेत. एक ‘घेणं’ आणि दुसरं ‘बाळगणं’. गाय घेतली असं आपण एकदाच म्हणतो. त्यानंतर दहा वर्षं आपण ती बाळगतो. चारा, पाणी, डॉक्टर, गोठा, सगळं त्या बाळगण्यात येतं. मोटारसायकलीच्या बाबतीत मात्र आपल्याकडे फक्त पहिलं क्रियापद रुजलं. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आमच्या जिल्ह्यातल्या घरांना गाडी घेता येऊ लागली. चांगली गोष्ट आहे. तालुक्याच्या कॉलेजात पोरगी जाऊ लागली, दूध वेळेवर डेअरीत पोचू लागलं, रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात नेता येऊ लागलं. पण गाडी बाळगायची कशी, हे कुणी शिकवलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. आणि आता तर गल्लीत उभी राहते ती नुसती गाडी नव्हे, ‘स्पोर्ट’ गाडी. दीडशे-दोनशे सीसीची, पुढं वाकून चालवायची, पाठीमागची सीट टाचेएवढी. तिला तर साध्या गाडीहून अधिक निगा लागते.

हे आपल्याला येत नव्हतं असं थोडंच आहे? माझे आजोबा अक्षरशत्रू होते. पण बैलगाडीखाली त्यांनी तेलाचं नळकांडं कायम टांगलेलं असे, आणि आखाला वंगण घातल्याशिवाय गाडी शिवाराबाहेर काढायची नाही असा त्यांचा दंडक होता. आखाची कुरकुर ऐकू आली की ते गड्याला नव्हे, माझ्या वडिलांना बोलायचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला गरम पाणी, तूप आणि हळद लावून मळायचं. खांदेमळणीला आपण आज रूढी म्हणतो. खरं तर ती वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याची तपासणी होती. सूज कुठं आहे, कातडी कुठं सोलली आहे, हे हाताला कळायचं. बैलाच्या पायाला नाल कधी मारायची, कासरा कधी बदलायचा, हे पंचांगासारखं पाठ होतं. म्हणजे पूजा आणि निगा या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. बैल गेला, मोटारसायकल आली, त्यात पूजा तेवढी टिकली. निगा बैलाबरोबर गेली.

मी बँकेत लागलो तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होतं. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. ग्रामीण शाखेत मला कर्जवसुलीसाठी गावोगाव फिरावं लागे. त्या काळी रस्त्यावर राजदूत असायची, एखाद्या बागायतदाराकडे बुलेट असायची. १९८५ च्या सुमाराला एकदम शंभर सीसीच्या जपानी गाड्यांचं वारं आलं. हिरो होंडाची सीडी १०० पेट्रोल कमी पिते म्हणून घरातल्या कर्त्यांची लाडकी झाली. आणि एस्कॉर्ट्सनं काढलेली यामाहा आरएक्स १०० पोरांची. अठ्ठ्याण्णव सीसीचं इंजिन, अकरा अश्वशक्ती, आणि वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास. आजच्या हिशेबानं फार नाही, पण वजन कमी असल्यामुळे ती अशी उसळायची की मागं बसलेल्याची टोपी मागच्या गावात राहायची. माझ्या मते आपल्या भागातली पहिली छोटी स्पोर्ट गाडी तीच. १९९६ ला ती बंद झाली. टू-स्ट्रोक इंजिनाच्या धुराला पुढं जागा राहिली नाही.

मी ती गाडी बँकेच्या कर्जावर घेतली होती. त्या गाडीची मी वही ठेवली होती. आमच्या शाखेत त्यावरून माझी पुष्कळ थट्टा झाली. पण लेजरची सवय होती. डावीकडे तारीख आणि किलोमीटर, मध्ये काम, उजवीकडे रक्कम. त्या गाडीला इंजिन ऑईलशिवाय टू-टीचं वेगळं तेल लागे, त्याची टाकी वेगळी. ती रिकामी झाली आणि कळलं नाही तर पिस्टन जाम. सायलेन्सरच्या आतल्या नळीत काजळी साठायची, ती काढून साफ करावी लागे. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात गाडी घातली की मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये चिखल असा बसायचा की चाक फिरेना; मग काटकीनं चिखल काढत बसायचं, बुटांसकट. या सगळ्याची नोंद वहीत होती. त्यातून मला एक गोष्ट कळली, ती कादंबऱ्या लिहायलाही उपयोगी पडली: वस्तू एकाएकी मोडत नाही. ती आधी पुष्कळ दिवस कुरकुरते.

पुढं २००१ च्या अखेरीला बजाजची पल्सर आली आणि चित्रच पालटलं. आमच्या जिल्ह्यातली कितीतरी पोरं वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होती. त्यांतली काही दिवाळीला गावी आली ती पल्सरवर बसून. नंतर यामाहाची आर-फिफ्टीन, केटीएमची ड्यूक. एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस आलं, एप्रिल २०२० पासून बीएस-६ ची इंजिनं आली, कार्ब्युरेटर जाऊन बहुतेक गाड्यांत इंजेक्शन आलं. यंत्र म्हणून या गाड्या फार सुरेख आहेत. हे मी मनापासून म्हणतो, कारण म्हाताऱ्यांनी नव्या गाड्यांना नावं ठेवायची एक चाल पडली आहे आणि ती मला मान्य नाही. आरएक्सपेक्षा आजची गाडी ब्रेकला, दिव्याला, धुराला, सगळ्याला सरस आहे. पण यंत्र जितकं नेमकं, तितकं त्याला नेमकं वागवावं लागतं.

आता त्या चेनकडे वळतो. तिच्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ज्या घरात स्पोर्ट गाडी आहे त्या घरात हे कुणाला तरी माहीत असलं पाहिजे. आणि ज्याला माहीत असतं तो बहुधा घरात नसतो, गाडी घेऊन बाहेर गेलेला असतो. साध्या प्रवासी गाडीची चेन पत्र्याच्या पेटीत झाकलेली असते. स्पोर्ट गाडीची उघडी असते, दिसायला छान म्हणून. म्हणजे धूळ, चिखल, सोयाबीनच्या काढणीतला भुसा, सगळं थेट तिच्यावर. दर पाचशे किलोमीटरला ती पुसून तिला तेल द्यावं, पावसाळ्यात त्याहून लवकर. ज्या चेनच्या कड्यांत रबरी रिंगा असतात ती पेट्रोलनं धुवू नये, रबर खराब होतं. रॉकेल किंवा त्यासाठी मिळणारा क्लीनर वापरावा. नंतर नव्वद नंबरचं गिअर ऑईल किंवा चेनचा स्प्रे चेनच्या आतल्या बाजूला. इंजिनातून काढलेलं जळकं काळं ऑईल चेनवर ओतायची आपल्याकडे पद्धत आहे, फुकट मिळतं म्हणून. त्यात काजळी आणि धातूचा बारीक कीस असतो. ते वंगण नव्हे, पॉलिश पेपर आहे. आणि एक फार महत्त्वाचं. गाडी स्टँडवर लावून, इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फिरत्या चेनवर फडकं धरणारी पोरं मी पाहिली आहेत. फडकं चेनमध्ये ओढलं गेलं की त्याच्याबरोबर बोट जातं. चाक हातानं फिरवायचं, इंजिन बंद ठेवून. याला अपवाद नाही.

चेनचा ताण हा दुसरा विषय. खालच्या बाजूच्या मध्यावर बोटानं उचलून बघायचं, साधारण दोन-तीन सेंटिमीटर हलली पाहिजे. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चाक थोडं थोडं फिरवत तीन-चार ठिकाणी बघायचं, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. ढिली असली तर दात सोडते, निसटून चाकात अडकली तर मागचं चाक तिथल्या तिथं जाम होतं. आणि फार ताणली तर मागं माणूस बसल्यावर शॉकअप दबतो, चेन आणखी ताणली जाते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार येतो. ‘टाइट केली, आता बघायला नको’ हे म्हणून चूक आहे. औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा व्हायची आहे. केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि मोजायचं काय, तर प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान हालचाल. त्याच तालुक्यात आम्हाला दोन सेंटिमीटर मोजायचा कंटाळा!

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. इंजिन ऑईल वेळच्या वेळी बदलावं, आणि मोटारसायकलीचंच घालावं. मोटारसायकलीचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे मोटारगाडीसाठीच्या ऑईलमधली काही द्रव्यं क्लच घसरवतात. एअर फिल्टरचा आमच्या रस्त्यांवर फार लवकर गाळणा होतो. ज्या गाड्यांना रेडिएटर आहे, त्यांत बोअरचं पाणी ओतू नये. आमच्याकडचं पाणी किती जड आहे ते घरातल्या गिझरला विचारा. कूलंटच घालावं. डिस्क ब्रेकचं तेल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलावं. ते बदलायचं असतं हेच पुष्कळांना ठाऊक नाही. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, तेव्हा जुनी गाडी महिनोन् महिने टाकी भरून उभी ठेवू नये.

टायरचं मात्र थोडक्यात सांगून भागत नाही. कारण चार बोटं रुंदीचे दोन ठिपके, एवढंच गाडीचं आणि रस्त्याचं नातं असतं. टायरच्या खोबणीत लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांना टेकली की टायर संपला. आपण तो गुळगुळीत होईपर्यंत वापरतो, मग त्यातल्या तारा दिसेपर्यंत वापरतो. हवेचंही तसंच. पल्सरसारख्या गाडीला एकट्यानं जाताना मागच्या टायरला अठ्ठावीसच्या आसपास हवा पुरते, मागं माणूस बसणार असेल तर बत्तीस लागते. आता आमच्या जिल्ह्यात मागं माणूस नाही अशी गाडी कधी दिसते? जाहिरातीत ती एकट्या तरुणाची असते. डोंगर, वळण, वारा. इथं तीच गाडी खताची दोन पोती घेऊन जाते, बोअरची जळालेली मोटार वाइंडिंगला नेते, आणि श्रावणी सोमवारी आईला नागनाथाच्या दर्शनाला नेते.

त्या आईबद्दल मला विशेष काळजी वाटते. स्पोर्ट गाडीची मागची सीट उंच आणि उतरती. नऊवारी असो की सहावारी, ती एका अंगाला बसणार. हाताला धरायला नीट काही नाही, पायाला टेकायला काही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की मागच्या माणसाला धरायला दांडी, पाय ठेवायला जागा आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही एवढा भाग झाकणारं संरक्षण असलं पाहिजे. त्यालाच आपण साडीगार्ड म्हणतो. गाडी घरी आली की पोरगा पहिल्या रविवारी काय करतो? साडीगार्ड काढतो. ‘लुक’ जातो म्हणून. ते लोखंड मग माळ्यावर पडतं. पदर किंवा ओढणी चाकात जाऊन बाई रस्त्यावर आपटल्याची बातमी वाचली की आपण ‘पदर सांभाळायला नको का’ असं म्हणून मोकळे होतो. पदर तिनं सांभाळायचा आणि साडीगार्ड तिच्या लेकानं काढायचं, ही वाटणी कुणी ठरवली?

देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली; त्यांतली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. हेल्मेट नसल्यामुळे पन्नास हजारांहून अधिक माणसं गेली आणि त्यांतली चौदा हजारांवर मागं बसलेली होती. हे सरकारी अहवालातले आकडे आहेत. मागं बसलेल्याला हेल्मेट लागतं, हा विचारच आमच्या घरात अजून शिरलेला नाही. आईला हेल्मेट म्हटलं तर आधी तीच हसते.

आता बँकेतल्या माणसाचा विषय. शोरूममध्ये टेबलावर कर्ज मिळतं. त्या टेबलावर व्याजाचा दर ‘फ्लॅट’ सांगतात. एक लाखाचं कर्ज, तीन वर्षं, दहा टक्के फ्लॅट. म्हणजे व्याज तीस हजार, एकूण एक लाख तीस हजार, महिन्याचा हप्ता तीन हजार सहाशे अकरा. ऐकायला दहा टक्के. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण एक लाखावर लावलेलं असतं. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर तो दर जवळजवळ अठरा टक्के पडतो. हे विचारायचं धाडस त्या टेबलाशी फार कमी बाप करतात, कारण पोरगा शेजारी उभा असतो आणि त्याचं लक्ष काचेपलीकडच्या गाडीवर असतं.

माझा आक्षेप कर्जाला नाही. कर्ज देऊनच मी पोट भरलं. माझा आक्षेप असा की घरातली माणसं गाडीची किंमत म्हणजे हप्ता समजतात. पेट्रोल आणि हप्ता, एवढ्यावर घरचा हिशेब बसवतात आणि त्याच्या पलीकडं एक रुपया शिल्लक ठेवत नाहीत. पोरगा गावाहून हिंगोलीला रोज जाऊन-येऊन तीस-पस्तीस किलोमीटर करतो म्हणजे वर्षाला बारा हजार. पाचशेला एकदा चेन, तर वर्षाला चोवीस वेळा. तीन वर्षांत हप्ते छत्तीस आणि वंगण बहात्तर वेळा. छत्तीस हप्ते कटाक्षानं जातात, कारण चुकला तर माणूस दारात येतो. बहात्तर वेळांसाठी दारात कुणी येत नाही.

वसमत रस्त्याकडेला एक चाचा आहेत, माझ्याच वयाचे. चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त करतात. त्यांच्याकडे जाऊन बसायला मला आवडतं. साहित्य संमेलनापेक्षा तिथं जास्त ऐकायला मिळतं. एकदा एक गृहस्थ मुलाच्या गाडीच्या ब्रेक पॅडसाठी त्यांच्याशी पन्नास रुपयांवरून अर्धा तास घासाघीस करत होते. त्याच गाडीच्या टाकीवर चिकटवलेल्या चित्रांचे त्यांनी दीड हजार दिले होते, आणि ते चाचांसमोरच कौतुकानं सांगत होते. गृहस्थ गेल्यावर चाचा म्हणाले, “साहेब, गाडी घ्यायच्या आधी कुणी विचारत नाहीत. कोणती घ्यावं, पोराला झेपंल का, काहीच नाही. पडल्यावर विचारतेत, चाचा, चेसी वाकली का बघा.” नव्या इंजेक्शनच्या गाड्यांना तपासायला यंत्र लागतं, संगणकासारखं. चाचांचा धाकटा ते शिकला. चाचांना स्वतःला इंजिनाला कान लावल्याशिवाय समाधान होत नाही. अशा कारागिराची मजुरी पाडण्यात आपण शहाणपण मानतो आणि मग तो ब्रेक घाईनं बसवतो तेव्हा तक्रार करतो.

गाडीची निगा जशी चेनवर असते तशी कागदावरही असते, आणि इथं मला एक जुनी गोष्ट सांगायची आहे. २०१४ सालची. कळमनुरी तालुक्यातले एक शेतकरी आमचे खातेदार होते. मुलगा नुकताच बारावी झालेला, अठरा पूर्ण, परवाना काढलेला. गाडी वडिलांच्या नावावर, कारण सातबारा वडिलांचा आणि कर्ज सातबाऱ्याकडं बघून मिळतं. आमच्याकडे बहुतेक गाड्या अशाच बापाच्या नावावर असतात आणि पोराच्या हातात. पावसाळ्यात आखाडा बाळापूरकडून येताना पुलाच्या वळणावर गाडी घसरली आणि मुलगा जागीच गेला. दुसरी गाडी नव्हती, कुणी धडकलं नव्हतं. तारण म्हणून मी नंतर ती गाडी पाहिली. मागचा टायर तळहातासारखा गुळगुळीत होता. गाडीला जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि हप्ता एकही थकलेला नव्हता.

तेरावं झाल्यावर वडील शाखेत आले. पिशवीत पॉलिसीचा कागद होता. “साहेब, विमा हप्त्यातच भरलाय. त्यात मालकाला अपघाताचे पैसे असतेत म्हणे.” असतात. तेव्हा दुचाकीला ती रक्कम एक लाख होती. सप्टेंबर २०१८ पासून किमान पंधरा लाख झाली. पण तो विमा नोंदणीकृत मालकाचा असतो, आणि त्या मालकाकडे चालवण्याचा परवाना असावा लागतो. मालक समोर बसले होते. त्यांनी आयुष्यात गाडी चालवलेली नव्हती. मुलगा त्या कागदावर कुठंच नव्हता. मी त्यांना तो कागद वाचून दाखवला, दोनदा वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्याच्या सात तारखेला ते हप्ता भरायला आले, आणि त्यानंतर दर सात तारखेला, शेवटचा हप्ता फिटेपर्यंत. एकदा मी म्हटलं, गाडी विकून टाका, कर्ज हलकं होईल. ते म्हणाले, “त्याचं देणं आहे साहेब. राहू द्या.”

म्हणून सांगतो, जो गाडी चालवतो त्याच्या नावावर गाडी असावी, तो सज्ञान असावा, त्याच्याकडे परवाना असावा. कर्जाला बाप जामीनदार किंवा सहकर्जदार राहू शकतो. ते जमत नसेल तर पॉलिसी घेताना चालवणाऱ्यासाठी आणि मागं बसणाऱ्यासाठी वेगळं अपघाती संरक्षण मिळतं का, हे विचारावं. नवी दुचाकी घेताना आता पाच वर्षांचा ‘थर्ड पार्टी’ विमा सक्तीचा आहे, म्हणून लोक निश्चिंत असतात. तो विमा दुसऱ्याच्या नुकसानीचा, आपल्या पोराचा नव्हे. आणि सहाव्या वर्षी तो भरायचा राहिला, त्यात गाडीखाली कुणी सापडलं, तर प्राधिकरण भरपाई मालकाकडून वसूल करतं. मालक म्हणजे पुन्हा तो सातबारा. चालवणाऱ्याकडे परवानाच नसेल तर विमा असूनही कंपनी आधी पैसे देते आणि मग मालकाच्या मागं लागते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती गाडी दिली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्या तरतुदीची धास्ती मला आमच्या जिल्ह्यात अजून कुठं दिसली नाही.

दुसरा कागद विक्रीचा. कर्ज फिटलं की बँकेकडून ना-हरकत घेऊन फॉर्म ३५ भरून आरसी बुकावरचा बोजा उतरवावा लागतो. तो कित्येक जण उतरवतच नाहीत. मग गाडी विकताना नावावर होत नाही आणि व्यवहार बॉन्डवर होतो. आमच्याकडे अशा बॉन्डवरच्या गाड्या तीन-तीन हात फिरलेल्या आहेत. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव आहे तोच कायद्यानं मालक. म्हणजे तुमच्या पोरानं पाच वर्षांपूर्वी विकलेली गाडी आज वाशीम जिल्ह्यात कुणी चालवत असेल आणि तिनं कुणाला उडवलं, तर नोटीस तुमच्या दारात येईल. बॉन्ड कपाटात ठेवून उपयोग नाही.

एवढं वाचून एखाद्या तरुण वाचकाला वाटेल की हा म्हातारा आता म्हणणार, स्पोर्ट गाडी घेऊच नका. मी तसं म्हणत नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला त्या गाडीवर बसल्यावर काय वाटतं ते मला माहीत आहे. येलदरी धरणाच्या रस्त्यावर पहाटे आरएक्सवर मलाही ते वाटलेलं आहे आणि त्यासाठी मला कुणाची माफी मागायची नाही. शेती तोट्यात, नोकरी नाही, भरतीची जाहिरात दोन वर्षं अडकलेली, लग्न जमत नाही. अशा पोराकडे स्वतःची म्हणावी अशी एकच चकचकीत गोष्ट असते. ती त्याच्याकडून काढून घ्या असं सांगणारा मी कोण? उलट मला वाटतं, त्याचं गाडीवर अजून पुरेसं प्रेम नाही. ज्याचं असतं तो ओळखू येतो. त्याच्या नखात वंगण असतं.

शोरूमवाल्यांना मात्र मी एक सुचवीन, पुस्तकं लिहिणाऱ्या माणसाचा सल्ला म्हणून हवं तर हसून सोडा. गाडी ताब्यात देताना पुठ्ठ्याची एवढी मोठी किल्ली हातात देऊन सगळ्या कुटुंबाचा फोटो काढतात, पेढे वाटतात, त्यात वीस मिनिटं जातात. त्यांतली पंधरा मिनिटं घ्या. गाडी स्टँडवर लावा. पोराला खाली बसवून चेनचा ताण त्याच्याच बोटानं मोजायला लावा, ऑईलची काच दाखवा, टायरमधला तो उंचवटा दाखवा, पुस्तिका उघडून हवेचा आकडा वाचून घ्या. बापाला पॉलिसीवरचं नाव कुणाचं आहे ते मोठ्यानं वाचायला सांगा. आईला मागं बसवून तिचे पाय कुठं टेकतात ते बघा आणि साडीगार्ड तिच्यासमोर बसवा, म्हणजे ते काढलं की तिला कळेल. मग काढा तो फोटो.